पटाचा कागद

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बाज कसायचं. बाज ढिली होऊन मधी खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात झोपून माझी पाठ धरली होती. बाज एकट्यानं कसता येत नाही. एकानं पायथ्याकडून दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ओढलेली दोरी पायानं दाबून धरायची, नाहीतर ओढलेलं सगळं मागं सुटतं. तिनं पाय रोवला, मी ओढत गेलो.

"जोर लावा न. सकाळी भाकर खाल्ली का नाही?"

"तुहाच पाय सरकून राह्यला. नीट धर."

"माहा पाय नाही सरकत. तुमचा हात म्हतारा झाला."

कसून झाल्यावर तिनं बाजेवर थाप मारून पाहिली. चांगला आवाज आला. मग ती चहा टाकायला आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत तूर निवडता निवडता भिंतीला टेकली, ती टेकलीच. सुपातली तूर सांडलीसुद्धा नाही.

मला काही झालं नाही. आहे तसं लिहितो. पोरगी रडली, सून रडली, पोरगा गजानन भिंतीकडं तोंड करून रडला. मी बसून होतो. लोक येऊन खांद्यावर हात ठेवून जायचे, तो हात दुसऱ्याच कोणाच्या खांद्यावर ठेवल्यासारखा वाटायचा. दाढ काढताना डॉक्टर सुई मारतो, मग अर्धं तोंड आपलं राहत नाही. पाणी प्यायलं तर हनुवटीवरून गळतं आणि कोणी सांगेपर्यंत कळत नाही. तसं. फक्त दाढेचं संध्याकाळपर्यंत उतरतं.

गजानन विचारायचा, "बाबा, मायचे लुगडे कोणाले द्याचे?" मी म्हणायचो, "दे कोणालेबी." तिची पेटी कोणी मागितली, घेऊन जा म्हटलं. तिचा पाटा-वरवंटा शेजारणीनं मागितला, घेऊन जा. मागणारा दारात उभा राहिला की माझ्या तोंडातून हाच शब्द निघायचा. सून एकदा दबकत म्हणाली, "मामाजी, काही तं ठेवा." मी म्हटलं, "ठेवून काय करू?"  

असे महिने गेले. मग माघ लागला आणि एका सकाळी गावातून भोंगा लावलेली जीप गेली. शंकरपट आहे, जोड्या आणा, बक्षिसं मोठी आहेत, असं तो भोंगा ओरडत होता. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आम्ही निस्तं पट म्हणतो. मधी काही वर्षं पट बंद होते, सरकारी मनाई होती. आता परत सुरू झाले. पोट्टे जीपमागं पळाले. मी ओसरीत बसून होतो. तुरीच्या काड्यांचा वास आला, कोणाच्या तरी खळ्यावर मळणी चालू होती. हरभरा घाट्यावर आला होता. वारा गार होता आणि ऊन पाठीला बरं लागत होतं. हे सगळं मला कळत होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं.

असाच माघ होता तेव्हा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझं लग्न झालेलं, ती नवीन. ती धाड गावची. धाडच्या पलीकडं पूर्वी निजामाचा मुलूख होता. तिचा बाप सांगायचा, तिकडच्या जोड्या इकडं पळायला आणायच्या म्हटलं तर नाक्यावर दहा सवाल व्हायचे. आता आपलं मराठी राज्य झालं म्हणून धाडकडच्या लोकांनी मोठा पट भरवला, की आपल्या राज्यातला पहिला पट. जालन्याकडच्या जोड्या आल्या, देऊळगाव राजाकडच्या आल्या, घाटाखालच्या आल्या.

माझ्या जोडीतला कवड्या घरच्या गाईचा आणि लाख्या तिच्या माहेरचा. लाख्याची माय त्याला जन्म देऊन मेली होती. हिनं बोटाला दूध लावून लावून ते वासरू जगवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा बापाला म्हणाली, भांडे नका देऊ, लाख्या द्या. लाखेच्या रंगाचं ते पोर वरातीमागं चालत आमच्या घरी आलं. गावातल्या बाया नवरीला पाहायला आल्या आणि बैलालाच पाहून गेल्या.

तो सगळा हंगाम लाख्याच्याच पायाशी गेला. पहाटे धुकं असायचं. मी जोडीला नाल्यातल्या वाळूतून चालवून आणायचो, पायात दम यावा म्हणून. तोवर ही उडीद भिजवून वाटून ठेवायची, त्यात गूळ घालायची. बैलांच्या तोंडाची वाफ, ओल्या उडदाचा वास, तिच्या बांगड्या. माझी माय ओसरीतून बोलायची, "सुनेच्या वाट्याचं दूध कुठं जाते मले समजत नाही का? बैलाले नवरा केला का तुनं?" ही डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि पदरातच हसायची. रात्री तिच्या हाताला उडदाचा वास यायचा. तेव्हा मला राग यायचा. आता तो वास कसा होता ते आठवायला गेलं तर आठवतो, पण आठवून काही होत नाही.

पटाच्या दिवशी ती माहेरच्या बायांबरोबर मैदानावर आली होती. बाया दूर, मैदानाच्या शेवटाला, तुरीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभ्या होत्या. मी धुरकरी, म्हणजे छकडी हाकणारा. छकडी म्हणजे काय तर दोन चाकं आणि एक दांडी. बसायला जागा नाही, जीव मुठीत धरून टेकायचं. शेवटच्या फेरीला आमच्या बाजूला जालन्याकडची पांढरी जोडी होती. झेंडी पडली. मग पुढचं मला नीट आठवत नाही आणि तेव्हाही आठवत नव्हतं. डोळ्यात धूळ, कानात वारा, आणि मग एकदम लोकांचा आवाज. आम्ही पुढं होतो.

मी तिला विचारलं, "पाह्यलं का?"

"काय पाहू? समोर माही मोठी काकू उभी होती. ते आहे केवढी. मले तं निस्ती धूळ दिसली."

लाख्याला जिनं वाढवलं तिला लाख्या पळताना दिसलाच नाही. नंतर जन्मभर ती मला ती शर्यत सांगायला लावायची. हरभरा सोलताना, पाऊस लागलेला असताना, कोणी पाहुणा आला की. मी दर वेळी थोडी वेगळी सांगायचो, कारण मला काय ठाऊक होतं? आणि ती मला धरायची. "मागच्या खेपेले तं म्हणे कवड्या पहिले सुटला. आता लाख्या कसा सुटला?" मी म्हणायचो, "तूच सांग मंग." आणि ती सांगायची. तिची शर्यत माझ्यापेक्षा चांगली असायची. काकूच्या पाठीमागं उभं राहून तिनं पाहिलेली.

पट झाल्यावर पंचांनी निकालाचा कागद केला. चिंचेखाली सतरंजीवर कारकून बसला. त्याच्याजवळ सरकारी जुने कागद होते, वरती मुंबई राज्य असं छापलेलं. त्यानं ते खोडलं आणि वर महाराष्ट्र लिहिलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "नवीन राज्य, नवीन कागद नाही का बे?" कारकून मान वर न करता म्हणाला, "पहिले जुने संपू द्या. हुकूम आहे." लोक हसले.

"जोडीचे नावं?"

"लाख्या आन् कवड्या."

"मालक?"

मी नाव सांगितलं. मागून तिच्या माहेरचा एक जण बोलला, "लाख्या आमच्या धाडचा आहे. मालकात सासऱ्याचंबी नाव घ्या."

"सासऱ्याचं कायले? पोरीचं घ्या न," दुसरा म्हणाला, "दूध तिनं पाजलं." तेव्हा तर लोक लोळलेच हसून. बाईचं नाव पटाच्या कागदावर! मीही हसलो. कारकून म्हणाला, "इथं एकच नाव बसते," आणि माझं लिहिलं. खाली पंचांच्या सह्या झाल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे झाले. तो कागद मी बंडीच्या आत घालून आणला आणि तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. "लाख्या कुठं आहे?" तिनं विचारलं. मी बोट लावून दाखवलं. तेवढी जागा तिनं पाठ करून ठेवली.

बैल माणसापेक्षा लवकर म्हातारा होतो. लाख्या गेला, त्याच्यामागं कवड्या गेला. मग दुसरे बैल आले, तेही गेले, मग गजाननानं ट्रॅक्टर आणला आणि गोठ्यात ट्रॅक्टर उभा राहिला. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरात आलो तर ही तो कागद पाटावर मांडून बसलेली. बाजूला वाटीत लोणी आणि हळद.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून घासून बैलाच्या खांद्यावर घट्टा पडतो. तिथली कातडी मरून जाते, हात लावला तरी बैलाला कळत नाही. त्या दिवशी तिथं हळद-लोणी चोळायचं, हळूहळू शेकायचं, म्हणजे ती जागा नरम होते. चोळता चोळता कधीतरी बैलाची कातडी एकदम थरथरते, माशी बसल्यासारखी. तेव्हा समजायचं, की लागलं. मग बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं.

ही लाख्याच्या नावावर हळद-लोणी चोळत होती.

"अव, कागद खराब होईन!"

"बैल होते तवा त्यायचा खांदा खराब झाला का?"

"तो बैल होता. हा कागद आहे."

"नाव तं त्याचंच आहे न?" आणि मला बाजूला सारून ती कागदाजवळ वाकली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"येतीन का तुहे बैल?"

"तुमी येता न रोज, बिनआवतणाचे. तसे येतीन."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा तुकडाही तिनं त्या नावाला लावला. मग दरसाल हेच. लाख्याच्या नावावर जरा जास्त लोणी, कवड्याच्या नावावर जरा कमी. कवड्या सासरचा. माझ्या नावाला कधी बोट लागलं नाही, ते कोरडं ठक्क राहिलं. कागद त्या जागी पिवळा झाला, मग पारदर्शक झाला, उजेडात धरला तर पलीकडचं दिसेल असा. अक्षरं मात्र गेली नाहीत. गेल्या पोळ्यालाही तिनं केलं. मी ओसरीतून पाहत होतो. तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

पट सुरू झाले तसे जुन्या पटांच्या वस्तू गोळा करणारेही निघाले. गजाननानं त्या कागदाचा फोटो मोबाईलवर कोणाला तरी पाठवला आणि त्याच माघात पुण्याहून एक जण घरी आला. चष्मा, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. जुन्या शर्यतींचे, कुस्त्यांचे, हुतुतूचे कागद, ढाली, बिल्ले तो घेतो आणि हौशी लोकांना विकतो. हातात पांढरे मोजे घालून त्यानं आमचा कागद उचलला. डॉक्टर पोर उचलतो तसा.

"आजोबा, ऐतिहासिक आहे हा," तो म्हणाला. "बघा, मुंबई खोडून महाराष्ट्र लिहिलंय. असा कागद मी पाहिलेला नाही. या खोडण्यालाच खरी किंमत आहे."

त्यानं आकडा सांगितला. गजाननानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडातून सवयीनं आलं, "घेऊन जा."

सून आतून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

पुण्याचा पोरगा खुश झाला. त्यानं कागद खिडकीकडं धरला. "हे पिवळं कशाचं आहे?"

"हळद."

"आणि हे तेलकट?"

"लोणी."

"कागदाला लोणी?"

"खांदशेकणीचं."

त्यानं गजाननाकडं पाहिलं. गजानन जमिनीकडं पाहत होता. "बाबा, राहू द्या न," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती, असं मला वाटलं. वाटू दे.

"काही हरकत नाही," पुण्याचा पोरगा म्हणाला. "आमच्या ओळखीत एक बाई आहेत, जुने कागद स्वच्छ करतात. तेल शोषून काढतात, हळदही काढतात. सावकाश करतात, कागदाला धक्का लागत नाही."

"किती निघते?"

"सगळं निघतं, आजोबा. काळजीच करू नका. काही म्हणता काही राहणार नाही."

मी बाजेवर बसलो होतो. माझा हात गुडघ्यावर होता. तो थरथरायला लागला. मी त्याच्याकडं पाहत होतो. दुसऱ्या हातानं धरला तरी थांबेना.

"ठेव तो खाली," मी म्हटलं.

"अं?"

"कागद. खाली ठेव."

त्यानं ठेवला. चांगला पोरगा होता, वाईट बोलला नाही. मी विचारलं, "कारकुनानं खोडलं ते ठेवणार न तू?"

"ते तर ठेवायचंच. तेच मोलाचं आहे."

"आन् हे पुसणार?"

"हा डाग आहे, आजोबा." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं, तो जरा थांबून म्हणाला, "घेणारे असं पाहतात. मी काय करू? डाग ठेवला तर कोणी घेणार नाही." त्यानं मोजे काढले. "मी आज बुलढाण्यात मुक्कामी आहे. उद्या सकाळी येतो. तुम्ही विचार करा. रक्कम वाढवूनही देता येईल."

तो गेल्यावर गजानन म्हणाला, "बाबा, आपुन ठेवून काय करू? फळीवर पडून राहीन. माय होती तवा ठीक होतं. आता कोण लावणार आहे लोणी?" तो काही खोटं बोलत नव्हता. पैसा त्याला हवा होता आणि त्यात काही पाप नाही.  सून पुढं आली, कागद उचलून तिनं पाटावर ठेवला, वरून धुतलेलं फडकं झाकलं आणि मला म्हणाली, "मामाजी, जेवून घ्या." मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी पुष्कळ वेळ खळ्यावर बसलो. पटाच्या मैदानाकडून भोंगा ऐकू येत होता, कोणाची तरी जोडी जिंकत होती. ती असती तर म्हणाली असती, काय पाहाचं आहे तिथं, धूळच दिसते. मला तिचा आवाज आठवत होता. चेहरा नीट येत नव्हता. बोटं मात्र स्पष्ट दिसत होती, वाटीतून लोणी घेणारी, नखाच्या कोपऱ्यात हळद राहिलेली. बाईनं जन्मभर एवढं काम केलं, आणि दाखवायला म्हटलं तर कुठं काय आहे? सारवलेलं पुन्हा सारवावं लागतं. भाकरी खाल्ल्या गेल्या. शेत गजाननाच्या नावावर, त्याच्या आधी माझ्या, त्याच्या आधी माझ्या बापाच्या. लग्नाच्या पत्रिकेत माहेरच्यांनी नाव छापलं असेल तेवढंच, आणि ती पत्रिकाही आता कोणाजवळ नाही. तिच्या हाताचं जे उरलं ते त्या दोन नावांवर होतं, आणि ते पुसून निघत होतं.

मी रडलो नाही. पण गार वारा लागला आणि मी घरात जाऊन घोंगडी घेतली. थंडी वाजते हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं.

सकाळी गजानन ट्रॅक्टर घेऊन गेल्यावर मी सुनेला म्हटलं, "मंगल, बालपेन दे."

"कायले, मामाजी?"

"दे."

तिनं आणून दिलं. मी पाटाशी बसलो, फडकं काढलं, चष्मा पुसून घातला. मी दुसरीपर्यंत शिकलो, लिहायची सवय नाही, हे इतकं लिहायलाही मला कितीक दिवस लागले. लाख्याच्या नावाच्या खालीच लिहायचं मी ठरवलं होतं. पण तिथं पेन चालेना. लोण्यावर शाई धरत नव्हती, पेन घसरून कोरंच पुढं जायचं. मी दाबून पाहिलं तर कागद फाटायला आला. तिनं तिथं माझ्यासाठी जागाच ठेवली नव्हती.

मग मी वर सरकलो. मालक म्हणून जिथं माझं नाव होतं, तिथं कागद कोरडा होता. माझ्या नावावर आडवी रेघ ओढली, त्या कारकुनानं मुंबईवर ओढली होती तशी. आणि वर तिचं नाव लिहिलं, कौसल्या. ल्याला जागा पुरेना, तो जरा खाली उतरला.

सून मागं उभी होती. तिला वाचता येतं. ती चुलीकडं गेली.

बाहेर मोटरसायकल थांबली. पुण्याचा पोरगा जोडे काढून आत आला, वाकून पाहिलं आणि उभाच राहिला.

"आजोबा, हे काय केलंत?"

"दुरुस्ती," मी म्हटलं. "बस. चहा घे."